बाबांची जागल आणि लॅपटॉपमधली झोप

आमच्याकडे रब्बीत हरबरा असतो न् थोडा गहू. दारव्हा तालुक्यातलं गाव, विहीर आहे, मोटार आहे, आणि थ्री फेज लाइन आठवड्यातले काही दिवस दिवसा येते न् बाकीचे दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाबा नऊला जेवून बॅटरी, काठी न् घोंगडं घेऊन वावरात जातात ते सकाळी सहाला घरी. स्प्रिंकलरचे पाइप तीन-साडेतीन तासांनी उचलून पुढच्या पट्ट्यात न्यावे लागतात, आणि मधल्या वेळात रानडुकरं न् रोही (नीलगाई) हाकलायचे, एक कळप घुसला की सकाळपर्यंत अर्धा एकर हरबरा सफाचट होतो. म्हणून जागल. अमरावतीला होस्टेलवर माझ्या रूममेटला हा शब्द समजावून सांगावा लागला होता, तिला वाटलं जागरण म्हणजे देवीचं.

गेल्या हिवाळ्यात मी घरी होते, एम.एस्सी. फिजिक्सचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचा विषय ठरायचा होता. बाबा सहाला आले, चहा घेतला, पावणेसातला बाजेवर पडले न् दहा वाजायच्या आत उठून बसले, डोळे लालभडक. सलग तिसरी रात्र होती. आई म्हणाली, झोपा ना जी अजून, कोण उठवते तुमाले. बाबा म्हणाले, "झोप का बटन हाय, दाबलं का लागते?" हे वाक्य मी आधी पण दहा वेळा ऐकलं असेल, पण त्या दिवशी ते डोक्यात बसलं. रात्रभर जागलेला माणूस, अंग मोडून आलेलं, आणि तीन तासात झोप उडते, हे का? दमल्यावर जास्त झोप यायला पाहिजे ना. सरांना फोन केला की झोप न् जाग यांच्यावर कॉम्प्युटर मॉडेल असतं का काही. सर म्हणाले असतं, आणि चांगलं असतं, आणि संध्याकाळी एक पेपर पाठवला, सिडनी विद्यापीठातल्या फिलिप्स न् रॉबिन्सन यांचा, २००७ चा.

तो पेपर उघडला तेव्हा सात-आठ ओळींच्या पुढे जाता येईना, कारण मेंदूची नावं एकही माहीत नव्हती. म्हणून मागे गेले. सगळ्यात आधी सापडलं ते बोर्बेली यांचं १९८२ चं दोन प्रक्रियांचं मॉडेल, आणि ज्याला कोणाला हा विषय समजून घ्यायचा आहे त्यानं इथूनच सुरू करावं असं माझं ठाम मत आहे. त्यात म्हटलंय की झोप दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे झोपेचा दाब, जो जागं असताना चढत जातो न् झोपल्यावर उतरतो. दुसरं म्हणजे अंगातलं घड्याळ, जे तुम्ही झोपा नाहीतर जागा, साधारण २४ तासांनी आपला फेरा मारतं. १९८४ मध्ये दान, बीर्स्मा न् बोर्बेली यांनी त्याला आकडे दिले, दाब चढायचा टाइम कॉन्स्टंट (म्हणजे बदल किती सावकाश होतो त्याचं माप) १८.२ तास न् उतरायचा ४.२ तास. वर एक रेघ, खाली एक रेघ, दोन्ही रेघा घड्याळासोबत वरखाली होतात, दाब वरच्या रेघेला टेकला की झोप, खालच्या रेघेला टेकला की जाग. हे मी आधी वहीत हातानं काढलं, मग एक्सेलमध्ये, आणि एक्सेलमध्ये सुद्धा आठ तासांच्या आसपासची झोप आपोआप आली तेव्हा मी आईला बोलावून दाखवली. आई म्हणाली, हे तं आपल्या टाकीच्या ऑटोसारखं हाय. अगदी तसंच आहे! छतावरच्या टाकीत पाणी खाली गेलं की मोटार सुरू होते न् वरपर्यंत भरलं की बंद, आणि टाकी अर्धी असताना मोटार चालू आहे का बंद आहे हे नुसती टाकी पाहून सांगता येत नाही, आधी काय चाललं होतं त्यावर ते असतं. पुढं सगळ्या प्रोजेक्टमध्ये हीच गोष्ट मला कामी आली.

पण या मॉडेलात मेंदू कुठेच नाही, नुसत्या रेघा आहेत. रेघेला टेकल्यावर मेंदूत नेमकं काय पलटतं? ते पुढच्या लोकांनी शोधलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्नात फॉन इकोनोमो नावाचे डॉक्टर होते, तेव्हा मेंदूला सूज येणाऱ्या एका आजाराची साथ आली होती, बहुतेक रोगी झोपूनच राहायचे पण काहींची झोप पार उडायची. मेलेल्या रोग्यांचे मेंदू तपासून त्यांनी सांगितलं की हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या तळाचा एक छोटा भाग, त्याच्या मागच्या बाजूला इजा असली तर माणूस झोपूनच राहतो न् पुढच्या बाजूला असली तर झोपच येत नाही. म्हणजे झोपवणारी जागा वेगळी न् जागवणारी वेगळी. १९९६ मध्ये पुढच्या बाजूचा झोपवणाऱ्या पेशींचा तो पुंजका नेमका सापडला, त्याला व्हीएलपीओ म्हणतात. आणि २००१ मध्ये सेपर न् त्यांच्या सोबत्यांनी मांडलं की हे दोन गट एकमेकांना दाबून धरतात. झोपवणाऱ्या पेशी जागवणाऱ्यांना गप्प करतात न् जागवणाऱ्या झोपवणाऱ्यांना. जो जिंकला तो दुसऱ्याला डोकं वर काढू देत नाही, म्हणूनच निरोगी माणूस अर्धा झोपलेला अर्धा जागा असा फार वेळ राहू शकत नाही, इकडे नाहीतर तिकडे.

हे वाचताना मला आमची बंडी आठवली. बैल सोडलेली बंडी कधी सपाट उभी राहते का, टेकू न लावता? एकतर जू जमिनीवर टेकलेलं, नाहीतर मागून उलाळलेली. लहानपणी आम्ही चार-पाच पोरं दांडीवरून हळूहळू मागं सरकायचो, बराच वेळ काहीच व्हायचं नाही, आणि एका बोटभर जागेनं धाडकन उलाळायची. पुन्हा पुढं पाडायची तर जिथून उलाळली तिथपर्यंत येऊन भागायचं नाही, आणखी पुढं यावं लागायचं. झोपेचा दाब न् घड्याळ म्हणजे ती हळूहळू सरकणारी पोरं, आणि झोपवणाऱ्या न् जागवणाऱ्या पेशी म्हणजे बंडी.

फिलिप्स-रॉबिन्सन मॉडेल म्हणजे हीच बंडी तीन इक्वेशनमध्ये. एक झोपवणाऱ्या गटाचं सरासरी व्होल्टेज, एक जागवणाऱ्या गटाचं, आणि तिसरं एच, म्हणजे झोपेचा दाब, जो जागवणाऱ्या पेशी जितक्या चालतात तितका साचतो. प्रत्यक्षात मेंदूत याच्यामागे बरंच काही असणार, पण ॲडेनोसिन, जागेपणी मेंदूत साचणारं रसायन, हा त्यातला मोठा भाग समजतात, आणि चहा-कॉफीतलं कॅफिन त्याच ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. व्होल्टेजवरून पेशी सेकंदाला किती वेळा फायर होतील, म्हणजे विजेचा ठोका देतील, ते एका एस आकाराच्या वक्रानं काढायचं, जास्तीत जास्त १००. एवढंच. पान भरत नाही सगळं मॉडेल. मला वाटलं दोन दिवसांचं काम.

दोन दिवसांचं नव्हतंच ते. आधी तर पायथनच्या लायब्ररी उतरवायला छतावर मोबाईल ठेवून हॉटस्पॉट लावला, एक रात्र त्यात गेली. मग कोड लिहिला, साधी ऑयलर पद्धत, म्हणजे वेळेची एक-एक छोटी स्टेप घेत उत्तर पुढं न्यायचं, स्टेप एक मिनिटाची, कारण झोपेला मिनिटाचा हिशोब पुरेसा आहे असं मला वाटलं. रन केला तर पहिल्या काही स्टेपमध्येच व्होल्टेज अधिक-उणे, अधिक-उणे करत लाखात गेलं, मग ओव्हरफ्लो, मग सगळीकडे नॅन, म्हणजे आकडाच नाही. तीन दिवस मी इक्वेशनची चिन्हं तपासत बसले. चूक चिन्हात नव्हती. या पेशींचा टाइम कॉन्स्टंट १० सेकंद आहे, आणि ऑयलरमध्ये स्टेप त्याच्या दुपटीच्या वर गेली की उत्तर फुटतं, माझी स्टेप तर सहापट. कोणी नवीन करत असेल तर हे लिहून ठेवा, आधी सगळ्यात वेगवान भाग कोणता ते बघा न् मग स्टेप ठरवा. स्टेप एक सेकंद केली. आता फुटेना, पण मॉडेल दर मिनिटाला झोपायचं न् उठायचं! याचं कारण मात्र लवकर सापडलं, दाबाचा टाइम कॉन्स्टंट पुढच्या पेपरमध्ये, २००८ च्या, ४५ तास आहे, मी ४५ तसाच टाकला होता न् कोडमधला वेळ सेकंदात. ४५ ला ३६०० नी गुणलं.

आणि मग आलं. रात्रीचे अकरा-सव्वाअकरा वाजले असतील, घरात सगळे झोपलेले, बाबा वावरात, लॅपटॉप गरम होऊन पंखा घरघरत होता, आणि स्क्रीनवर ग्राफ उमटला. जागवणाऱ्यांची रेघ सोळा-एक तास वर, मग कडा तुटल्यासारखी खाली, तेव्हाच झोपवणाऱ्यांची वर, आठ-एक तास, पुन्हा पलटी. दिवसामागून दिवस. मी कुठेही लिहिलं नव्हतं की दहाला झोप न् सहाला उठ. १० सेकंदांच्या पेशी न् ४५ तासांचा दाब, एवढे दोन टोकांचे वेग, वर घड्याळाची चोवीस तासांची एक साधी लाट, यातून एक दिवस तयार झाला होता. मी बराच वेळ नुसती पाहत बसले. पुढं सरांनी सांगितल्यावर स्टिफ इक्वेशनसाठी, म्हणजे जिथे खूप वेगवान न् खूप सावकाश भाग एकत्र असतात त्यांच्यासाठी, बनवलेला सॉल्व्हर वापरला, मग महिन्याचा रन काही सेकंदात व्हायला लागला, आणि नंतर स्केल्डन, डाइक न् डर्क्स यांचा २०१४ चा पेपर वाचला ज्यात दाखवलंय की या मॉडेलातून पेशींचा वेगवान भाग बाजूला केला की बोर्बेलींचं रेघांचं मॉडेलच उरतं. म्हणजे माझी एक्सेलची शीट न् हा कोड एकच गोष्ट सांगत होते.

आता बाबांची जागल घालायची होती. त्यासाठी आकडे पाहिजे होते. बाबा काही वहीत लिहिणार नाहीत, म्हणून आईला सांगितलं, ती दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर लिहिते त्याच्यावरच लिहायला लागली, झो ६.४०, उ ९.५०. पाच आठवडे लिहिलं तिनं, एक दिवस चुकला नाही.

मॉडेलात जागल अशी घातली की रात्री नऊ ते सहा जागवणाऱ्या पेशींना वरच धरून ठेवायचं, झोपू द्यायचं नाही, आणि सहाला सोडून द्यायचं. सोडल्याबरोबर मॉडेल झोपलं, दाब खूप चढलेला होता. आणि साडेनऊच्या सुमारास उठलं. साडेतीन तास! मी बाबांचे आकडे त्याला दिले नव्हते, आईच्या कॅलेंडरवर तर पहिल्या रात्रीनंतरच्या नोंदी सव्वातीन, साडेतीन, तीन, अशाच होत्या. मग मी एक-एक टर्म वेगळी काढून ग्राफ केला की होतं काय. सकाळी साडेनऊला दाब अजून भरपूर शिल्लक आहे, रोजच्या सकाळी उठतो त्याच्यापेक्षा पुष्कळ वर. पण घड्याळ त्या वेळेस जागवायच्या बाजूला झपाट्यानं चढतंय, आणि दाबातून घड्याळाचा जोर वजा जाऊन जे उरतं ते उठायच्या रेघेखाली गेलं. म्हणजे झोप पुरी झाली म्हणून बाबा उठले नाहीत, अंगातल्या घड्याळानं त्यांना उठवलं. आणि एकदा बंडी पलटली की मग दिवसभर दाब असूनही झोपायची रेघ गाठता येत नाही कारण दुपारपर्यंत घड्याळ आणखी वर जातं. दुसऱ्या रात्री हाच दाब घेऊन ते पुन्हा वावरात. चार रात्रींचा ग्राफ काढला तर जिना चढावा तसा दाब चढत गेलेला दिसतो.

हे मी बाबांना दाखवलं. त्यांनी पूर्ण पाहिलं, चष्मा लावून, न् म्हणाले, "म्हणजे माह्याच अंगाचा दोष नाई." त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की आपण काहीतरी चुकतो, शेजारचे काका दिवसा घोरतात न् आपल्याला झोप येत नाही म्हणजे आपणच कच्चे. मला हे माहीतच नव्हतं की ते असं समजतात.

घड्याळ पाळीसोबत का सरकत नाही, हा प्रश्न त्यांनीच विचारला, आणि चांगला विचारला. सरकतं पण हळू, आणि मुख्यतः उजेडानं. डोळ्यातून येणारा उजेड मेंदूतल्या सुमारे २०,००० पेशींच्या एका ठिपक्याला पोचतो, तिथे हे घड्याळ आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत झोपेचे अभ्यासक क्लाइटमन न् त्यांचा एक विद्यार्थी मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले, २८ तासांचा दिवस पाळून पाहायला, आणि क्लाइटमन यांचं अंग २४ सोडायला तयार झालं नाही. आपल्याकडे मदुराईच्या विद्यापीठात चंद्रशेखरन सरांनी अशीच बंद खोली केली होती, आत घड्याळ नाही, बाहेरचा उजेड नाही. बाबा तर सकाळी वावरातून सरळ पूर्वेकडे तोंड करून घरी येतात, उजाडणारं आभाळ डोळ्यात. त्यांचं घड्याळ रोज सकाळी पुन्हा दिवसावर बसतं. आणि पाळी तीन-चार दिवसांत बदलते, तेवढ्यात ते सरकून तरी किती सरकणार.

जे जुळलं नाही ते पण सांगते, कारण त्यातच माझा जास्त वेळ गेला. बाबा दुपारी जेवण झाल्यावर अडीचच्या सुमारास अर्धा तास डुलकी घेतात, मॉडेल कधीच घेत नाही. मी त्यात घड्याळ म्हणून एकच साधी लाट घातली होती, चोवीस तासांत एक चढ एक उतार, आणि माणसाला दुपारची सुस्ती येते ती त्या लाटेत नाहीच. बारा तासांची दुसरी छोटी लाट घालून पाहिली, डुलकी आली, पण मग सकाळची झोप बिघडली, आणि असं एक-एक ठिगळ लावत गेलं तर काहीही जुळवता येईल, त्याचा अर्थ राहत नाही, म्हणून काढून टाकली. दुसरं, मॉडेल उठलं की मिनिटभरात पूर्ण जागं. बाबांचा वावरात कधी डोळा लागला न् पहाटे तीनला अलार्मनं उठले तर दहा-पंधरा मिनिटं त्यांना काही सुचत नाही, एकदा त्याच गुंगीत ओल्या हातानं स्टार्टरपाशी गेले होते. ती गुंगी या तीन इक्वेशनमध्ये नाही. आणि ओरेक्सिन पण वेगळं नाही, १९९८ मध्ये सापडलेलं रसायन जे जागवणाऱ्या बाजूला आधार देतं, ज्यांच्या मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी मरतात त्यांना नार्कोलेप्सी होते, बसल्या जागी झोप लागते. या मॉडेलात जागवणाऱ्यांना एक कायमचा ठरलेला जोर दिलेला आहे, त्यातच सगळं धरायचं.

एक मात्र मॉडेलनं असं दाखवलं ज्याची मला भीती वाटली. जागल मी दुसऱ्या पद्धतीनं पण घालून पाहिली, फक्त पाइप हलवायच्या वेळी जागं धरायचं न् मधे सोडायचं. पहाटे तीन ते पाच मध्ये सोडलं की क्षणात झोप, आणि त्या वेळेस परत जागं करायला लागणारा जोर सगळ्यात जास्त. चौथ्या रात्री तर आणखीच. बाबांना विचारलं तर म्हणाले, चार वाजता बसलो का गेलोच, म्हणून मी बसतच नाई, धुऱ्यावर येरझारा घालतो. अंधारात, साप-किरड्याच्या धुऱ्यावर.

लाइन आपल्या हातात नाही. घरात दोन गोष्टी बदलल्या. सकाळी सहाचा चहा बंद केला, कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात, म्हणजे तो चहा नेमका दहाच्या जागेला हातभार लावत होता. तो चहा आता थर्मासमध्ये जातो न् बाबा दीडला पितात. आणि येताना टोपीवर दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढून यायचं, न् बाज कोठ्याच्या बाजूच्या खोलीत, खिडकीला जुनी सतरंजी ठोकली. त्यानंतरच्या रात्रीच्या पाळ्यांमध्ये कॅलेंडरवर चार तासांच्या वरचे आकडे सहा वेळा आले, एकदा पावणेपाच. थंडी पण त्याच दिवसांत कमी झाली होती, त्यामुळे यावरून काही सिद्ध झालं असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही.

व्हायव्हाच्या आधी ग्राफ नीट करायला कॅलेंडरची पानं समोर घेऊन बसले होते, तेव्हा आईनं विचारलं की आकडे बरोबर आले का. मी म्हटलं एकदम बरोबर, पण तू रात्री अडीचला बाबा जागे आहेत का हे कसं लिहिलं? ती म्हणाली, मीच तं फोन करतो ना त्यायले, पाइपाच्या टायमाले, दरदिवशी, उचलला नाई का पुन्हा करतो, नाईतं झोप कुठची लागते मले, साप-बिप काई चावला तं. म्हणजे पाच आठवडे जिनं दुसऱ्याची झोप लिहिली ती स्वतः रात्रीतून दोन-तीनदा उठत होती, आणि सकाळी पाचला तिचा दिवस सुरू, तिला तर दहापर्यंत पडायची सोयच नाही.

तिच्यासाठी आता दुसऱ्या रंगाचा पेन आणलाय, हिरवा. पहिला आठवडा लिहून झाला. तिचं मॉडेल बाबांच्यापेक्षा अवघड आहे, कारण बाबांना नऊ तास सलग धरून ठेवायचं असतं न् तिला पाच-दहा मिनिटांचे धक्के आहेत, आणि धक्का येईल म्हणून आधीच अर्धवट जागं राहणं आहे, ते कोणत्या टर्ममध्ये घालायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सध्या जागवणाऱ्यांचा तो ठरलेला जोर रात्रीपुरता थोडा वाढवून रन लावलाय.